हाकंला आलेली

१

माझ्या बायकूला हसवायचा मी उभा जलम परयत्न केला. ती काय हसली न्हाई.

म्हंजी माझ्यासमूर न्हाई. खोड्या काय मी कमी केल्या व्हय? पिठाच्या डब्यात रबराचा साप ठिवला. तिच्या चपलीत ढेकूळ घातलं. शेजारचा सुभान सायकलवाला चहाला आला की त्याच्या कपात साखरंऐवजी मीठ. भांडगावात माझं नाव हरिबा, पर पोरंटोरं मला खोडीआबा म्हणत्यात आन् मला त्ये आवडतं.

आम्ही धनगर माणसं. म्हाताऱ्याच्या येळंला मेंढरामागं फिरणं व्हतं, माझी बी निम्मी जिंदगी त्यातच गेली. मंग मेंढरं इकली, थोडं रान घेतलं, पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. थोरल्या खोलीत मी बाजंवर, धाकट्या खोलीत ती चुलीपाशी. मधी दार न्हाई, नुसती चौकट. त्या चौकटीतनं मला तिची पाठ दिसायची.

सकाळचा माझा धंदा ह्योच. चहा प्यायचा, एक खोडी करायची आन् पाठ बघायची. खोडी कळली की ती म्हणायची, "अवं, केसं पिकली, आता तरी माणसात या." आन् तोंड फिरवून चुलीकडं बसायची. मंग तिची पाठ जरा हालायची. धुरानं खोकती का पदरात हसती, त्ये मला कंदी कळलं न्हाई. उठून समूर गेलो तर तोंड आसं सरळ, जनू पंचायतीत बसलीया.

हाक मारायची तर "अगं ए". नावानं कंदी न्हाई. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, त्ये बी पोरींनी दार आडवलं म्हणून. ती मला "अवं". आमची सून प्रतिभा नवऱ्याला तोंडावर "सुरज" म्हणती. ती पैल्यांदा म्हणली तवा आम्ही दोघांनी एकमेकाकडं आसं बघितलं, जनू कुणी ताटात जोडा ठिवलाय.

सुरज आमचा एकुलता. कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातो. दोन हजार पाचची दिवाळी झाली आन् त्यो घरी यिऊन म्हणला, "आबा, कंपनीची फॅमिली ट्रीप हाय. शिरूरकडं नदीत बोटी चालत्यात. तुम्ही आन् आयेनी यायचंच."

ती चुलीपासनंच म्हणली, "मी न्हाई. ह्या माणसासंगं पाण्यात? मला ढकलून देतील आन् वर टाळ्या पिटतील."

मी म्हणलं, "ढकलीन, पर बाहेर बी काढीन."

पाठ हालली.

२

चौफुल्याला कंपनीच्या गाडीत बसलो. तिनं हिरवं लुगडं काढलं व्हतं, बारशाबिरशाला नेसायचं. गाडीत पोरांचा कालवा, कुणीतरी शेंगदाण्याची पुडी फिरवतंय. मी पुडीत खडा टाकून फुडं दिली. खडा कंपनीच्या एका सायबाच्या दाताखाली गेला आन् सुरज माझ्याकडं डोळं वटारून बघाया लागला.

न्हावऱ्याच्या अलीकडं माळ लागतो. तिथं मातर मी गप झालो.

आमची पैली लेक त्या माळावर हाय. मेंढरं घिऊन कोकणातनं माघारी येत व्हतो, तापानं गेली. आजून चालत बी न्हवती. एका बाभळीखाली ठिवली आन् फुडं निघालो, मेंढरं काय थांबत्यात व्हय. आता ती बाभळ बी न्हाई, पर तिथनं कवाबी गाडी गेली की ही पदर डोक्यावर घ्यायची आन् माझं मनगाट धरायची. माळ सरंस्तवर सोडायची न्हाई. बोलायची न्हाई, रडायची न्हाई. नुसतं धरायची. तेवढ्या वाटंत मी कंदी चेष्टा केली न्हाई, ना तिची ना दुसऱ्या कुणाची.

त्या दिशी बी धरलं. नखं लागली. माळ सरला तसं सोडून दिलं आन् म्हणली, "त्या सायबाची माफी मागा."

३

नदीला वरच्या धरणाचं पाणी सोडलं व्हतं. लई न्हाई. पोरंसोरं डुंबतील येवढंच. दोन ठिकाणी खडकातनं धार व्हती, तिथं पाणी पांढरं दिसायचं आन् आवाज यायचा, पिठाच्या गिरणीवानी, येकसारखा.

बोटीवाला पोरगा झिशान. शिरूरच्या अनिस टायरवाल्याचा. बापाच्या दुकानातच रबराचं काम शिकला, मंग म्हणं कुठं लांब जाऊन बोटी हाकायचं शिकून आला. पोरगा बोलायला गोड. आमच्या आंगावर भगवी जाकिटं चढिवली, डोक्यावर टोप. हिच्या पदरावर टोप बसंना. मी म्हणलं, "आता दिसतीस खरी फौजदार." ती म्हणली, "गप बसा."

झिशान म्हणला, "आबा, मामी, भ्यायचं काय न्हाई. ह्या पाण्यात लहान लेकरं बसत्यात. धार आली की बोट उडती, तीच तर मजा."

"आन् पडलो तर?"

"पडलं तर जाकीट तरंगिवतं. पर बोटीतल्यांनी एक ध्यानात ठिवायचं. पडलेल्या माणसाला नावानं हाक मारायची. धारंत लई आवाज आसतोय आबा. नुसतं 'ए', 'अरे' केलं तर कळत न्हाई कुणाला बोलिवलं त्ये. नाव ऐकलं की माणूस मान वळवतंय. मान वळली की हात धरायचा."

मंग त्यानं काठावरच सराव घेतला. सुरजनं "प्रतिभा" म्हणून आरोळी दिली. प्रतिभानं "सुरज" म्हणून. लोक हसाया लागलं. मंग माझी पाळी.

"आबा, मामीचं नाव घ्या."

समदी आमच्याकडं बघत्यात. सून बघती, पोरगा बघतो. ही टोपाखाली पदर वढून बारीक आवाजात म्हणली, "अवं, नगा."

मी म्हणलं, "झिशानभाऊ, तुझ्या मामीचं नाव लई वजनदार हाय. घेतलं तर बोट बुडंल."

आख्खा काठ हसला. झिशान बी हसला आन् फुडच्या माणसाकडं गेला. ही तेवढी नदीकडं तोंड करून उभी ऱ्हायली. जाकिटाखाली तिची पाठ जरा हालली. म्हणलं, चला, आजचा धंदा झाला.

४

बोटीत सुरज आन् प्रतिभा फुडं, त्यांच्या मागं डाव्या अंगाला ही, उजव्या अंगाला मी, आन् शेपटाला झिशान मोठं वल्हं घिऊन.

पैली धार सुखानं गेली. पाणी तोंडावर आलं. पोरं किंचाळली. ही डोळं मिटून देवाचं नाव घेत व्हती, म्हणलं बघा, देवाचं चालतं.

दुसऱ्या धारंला बोट खडकाला घासली आन् आडवी उठली. मी दोरी धरली. बघतो तर शेजारची जागा मोकळी. पाण्यात भगवं कायतरी एकदा दिसलं आन् फेसात गेलं.

सुरज "आये, आये" करतोय. झिशान मागनं वरडला, "आबा, नाव घ्या. मान वळवा त्यांची."

मी तोंड उघडलं. नाव जिभंवर आलं व्हतं, खोटं सांगत न्हाई. फुडं पोरगा बसलाय, सून बसलीया. आन् तोंडाला इतक्या वरसाची सवय.

"अगं ए," मी वरडलो. "अगं ए, हिकडं."

माझ्याच बाजूनं पाण्यातनं हात आला. हिरव्या बांगड्या. मी धरला. लई गार व्हता. सुरजनं जाकिटाला धरून वढलं आन् ती बोटीत येऊन पडली.

उठून बसली. तोंडावरनं हात फिरिवला. माझ्याकडं बघितलं. आन् हसली.

तोंड न फिरवता, पदर न लावता, आशी समूर बसून. तिचा वरचा एक दात जरा मागं सरल्याला हाय, त्ये मला त्या दिशी कळलं. बोटीतली लोकं टाळ्या पिटाया लागली. मी बी पिटल्या.

५

काठावर जेवणं झाली. पुलाव, जिलबी. मी सवयीनं तिची एक चप्पल उचलून सुरजच्या पिशवीत टाकली. आजून पिशवीचं तोंड बांधतोय तवर मागनं हसायचा आवाज आला. ती तिथं बसलीया, हातात जिलबी, माझ्याकडं बघून हसतीया. चप्पल हुडकायच्या आधीच.

प्रतिभा म्हणली, "मामा, आत्या आज लई खुश हायत."

"नदीनं धुतलं तिला," मी म्हणलं.

झिशान भांडी गोळा करत माझ्यापाशी आला आन् खाली बसला. मला म्हणला, "आबा, एक इचारू? मामी डाव्या अंगानं गेल्या न्हवं?"

"व्हय."

"हात तर उजवीकडनं आला."

"बोट फिरली आसंल."

"फिरली आसंल," त्यो म्हणला. "पर तिथं धार डावीकडं वढती. उजवीकडं खडकच हाय, माणूस बोटीखालनं यिऊ शकत न्हाई." मंग त्याचं त्यालाच कायतरी वाटलं. "जाऊ द्या. सापडल्या त्येच लई झालं. जिलबी घ्या आजून."

माघारी येताना मी खिडकीशी बसलो. न्हावरं गेलं, माळ लागला. मी सवयीनं हात मांडीवर मोकळा ठिवला. वाट बघितली. तिनं पदर काय घेतला न्हाई. मला वाटलं, दमलीया, डोळा लागला आसंल. बघितलं तर जागी. मी आपला हातच तिच्या फुडं केला, मनगाट वर करून.

ती हाताकडं बघत ऱ्हायली. मंग माझ्या तोंडाकडं. आन् मी कायतरी गंमतच करतोय आसं समजून हसाया लागली.

माळ सरंस्तवर मी हात तसाच धरून बसलो व्हतो. माघारी घ्यायचं सुचलं न्हाई.

६

पाण्यात पडल्यालं माणूस हाय, डोक्याला मार लागला आसंल, भ्यालं आसंल. मी माझ्या मनाला आसं समजावलं. दौंडच्या डाक्टरला दाखिवलं. डाक्टर म्हणला, "तब्येत एकदम ठणठणीत. तुमच्यापेक्षा बरी हाय." ती हसली. डाक्टर बी हसला.

सुभान चहाला आला. मी त्याच्या कपात मीठ घातलं. आधी ही चौकटीतनं मुद्दाम खोकायची, म्हंजी सुभानला कळायचं आन् त्यो कप माझ्याफुडं सरकवायचा. त्या दिशी खोकली न्हाई. सुभाननं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आन् ही चौकटीत यिऊन खळखळून हसली.

सुभान बघतच ऱ्हायला. "वहिनी हसल्या?" मला म्हणला, "हरिबा, तुझा नवस फेडायला काढ आता. म्हातारपणी बायको नवी झाली तुझी."

"झाली खरी," मी म्हणलं.

खरं सांगू का, पैल्या पैल्यांदा मला बरंच वाटलं. आवो, का वाटू नये? माझं गुडघं चोळून द्यायची. भाकरी आशी पातळ करायची, तोंडात टाकली की इरघळायची. कवा वाकडं बोलायची न्हाई. मी काय बी बोललो की हसायची. जी गोष्ट मला उभ्या जलमात मिळाली न्हाई ती आता दिसभर, पोतं फुटल्यागत सांडत व्हती.

मंग एका दुपारी मी बाजंवर पडलो व्हतो. सुरज शिफ्टला, प्रतिभा माहेरी. घरात आवाज न्हाई, नुसतं पत्रं उन्हानं कडकड वाजतंय. मी डोळं मिटून मनातल्या मनात एक खोडी जुळवत व्हतो. सुभानच्या दुकानातली घंटी काढून कोंबडीच्या पायाला बांधायची. तोंडातनं शबूद काढला न्हाई. जागचा हाललो बी न्हाई.

चुलीपासनं हसायचा आवाज आला.

मी डोळं उघडलं. चौकटीतनं ती दिसली. तिची पाठ न्हाई. तोंड. चुलीकडं पाठ करून माझ्याकडं तोंड करून बसली व्हती. कवापासनं कुणास ठावं.

म्हणलं, तिला आपलं कायतरी आठवलं आसंल. बायामाणसं आठवून हसत्यात.

मंग मी मुद्दाम मनात माळ आणला. ती बाभळ, त्यो खड्डा, आम्ही दगडं रचली ती. तिच्याकडं बघत ऱ्हायलो. तिचं हसू तसंच तोंडावर व्हतं. फुडं कायतरी गंमत येणार हाय म्हणून वाट बघत आसल्यावानी.

मी उठून बाहेर गेलो आन् गोठ्याच्या भिताडाला टेकून बसलो. चाळिसाच्या वर वरसं हिनं एका बी खोडीला हसून दावलं न्हाई. मला वाटायचं माझ्या खोड्या कमी पडत्यात. त्या दिशी कळलं, ती पाठ फिरवायची तवा तिच्याकडं पदराआड ठिवायला कायतरी असायचं. ह्या बाईकडं ठिवायला कायच न्हवतं.

मंग जिच्यापाशी हाय, ती कुठं हाय?

७

सुरजला काय सांगणार? "बाबा रं, तुझी आय हसती" म्हणून? त्यानं मला दवाखान्यात न्हेलं आसतं. सुभानला सांगाया गेलो तर त्यो म्हणला, "तू माझी बी गंमत करतोस काय?" खोड्या करणाऱ्या माणसाचं ह्येच हाय बगा. खरं सांगायची पाळी आली की लोक हसायची तयारी करून बसत्यात.

पुन्यांदा पाणी सुटलं आसं पेपरात आलं, सुरजनं वाचून दावलं. मी सुभानकडं जातो म्हणून निघालो आन् यष्टीत बसून शिरूरला गेलो. झिशाननं मला बघितलं आन् कायबी इचारलं न्हाई. लोकांच्या दोन खेपा करून आला आन् मला फटफटीवर घिऊन दुसऱ्या धारंपाशी सोडलं. आपण जरा लांब दगडावर बसला.

दुपारचं ऊन. धारंचा आवाज त्योच, गिरणीवानी. मी पार कडंला गेलो. पयलं "अगं ए" म्हणून हाक मारली. कायबी झालं न्हाई. म्हणलं, आसं व्हय. ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यावं लागतंय.

मला लाज वाटली. पिकल्या केसाचा बाप्या, आन् कान तापलं.

"धुरपदा," मी म्हणलं.

माझं मलाच ऐकू आलं न्हाई. मंग घसा फोडून वरडलो. "धुरपदा."

धारंच्या मधी एक खडक हाय, त्याच्यावरनं पाणी पडतं, म्हणून दिसत न्हाई. तिथं पाणी जरा पातळ झालं. भगवं दिसलं. भगव्याच्या खाली हिरवं, खडकाला चिटकून. खाली वाकून बसल्यावानी. माझ्याकडं पाठ.

ती पाठ हालत व्हती.

थंडीनं, का रडून, का मी शेवटाला तिला नावानं बोलिवलं म्हणून पदरात तोंड घालून, त्ये मला त्या दिशी बी कळलं न्हाई. मी पुन्यांदा नाव घेतलं. मान वळाया लागली. कान दिसला, कानातलं फूल दिसलं, जरासा गाल. मी पाण्यात पाय घातला. कुणीतरी मागनं कमरंला मिठी मारून वढलं, आन् वरनं पाण्याचा लोट आला. मंग नुसतं पांढरं.

झिशान मला धरून काठावर बसला. दोघं बी भिजलो.

"जाकीट हाय आबा," त्यो म्हणला. "कुणाचं तरी आडकलंय."

"तुझं?"

त्यानं मान हालिवली. "माझी समदी गाडीत हायत."

"मंग कुणाचं?"

त्यानं आंगातला सदरा काढून पिळला. मंग म्हणला, "फुडच्या पाण्याला या. लोकांच्या आधी एकली बोट काढतो. खडकाला लावतो. माझी हिंमत व्हईल का न्हाई सांगत न्हाई, पर लावतो. तुम्ही नाव घ्यायचं, आन् मान वळली की धरायचं." आन् मंग उठता उठता म्हणला, "आता घरी जावा. मामी वाट बघत असतील."

"व्हय," मी म्हणलं. "बघत असंल."

८

मधल्या दिवसांत मी खोडी केली न्हाई. मनात बी येऊ दिली न्हाई. घरात आवाज कमी झाला. ती चौकटीत यिऊन बसायची, माझ्या तोंडाकडं बघायची, वाट बघायची. मंग उठून कायतरी काम करायची. एकदा माझ्या चपलीत ढेकूळ सापडलं. मी बघितलं तर ती दाराआड उभी, मी हसतो का म्हणून बघत. मला हसू आलं न्हाई. हसू तोंडावर धरून ती आशी ताटकळली, की मीच जाऊन म्हणलं, "चांगली व्हती. चांगली व्हती गं." त्या बिचारीला दुसरं काय येत व्हतं?

मंग पाणी सुटल्याचं कळलं. पहाटं उठलो तर ती आधीच चुलीपाशी. भाकरी थापायचा आवाज. मी पायात चपला घातल्या, सुभानकडं जातो म्हणणार तवर ती बाहेर आली. हातात गठुडं. माझ्या हातात दिलं.

"येवढ्या भाकरी?" मी म्हणलं. "सुभान काय उपाशी हाय?"

ती हसली न्हाई.

नदीपासनं पैल्यांदा ती हसली न्हाई. तिच्या तोंडावर हसू नसलं म्हंजी काय असतं, त्ये मी आजवर बघितलंच न्हवतं. लई थकल्यालं, लई जुनं आसं कायतरी व्हतं. मी नजर खाली केली.

"खाली लुगडं घातलंय," ती म्हणली. "कोरडं. वली आसंल ती."

गठुडं गरम लागत व्हतं, भाकरीनं.

"तुम्ही बोलिवलं म्हणून आले," ती म्हणली. "कुणी बोलवत न्हाई मला. तुम्ही 'अगं' म्हणला, मला वाटलं मलाच." मंग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणली, "तिला आणा. पर मी कुठं जाऊ, तेवढं तिला इचारून या. तिचं घर हाय."

आत प्रतिभाचा आवाज आला, "आत्या, चहा ठिवू का?" आन् ती "ठिव बाई" म्हणून आत गेली, कुठल्या बी सासूवानी.

९

चौफुल्यापतूर जीपनं आलो. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी बाकडं हाय, तिथं बसलो, गठुडं मांडीवर घिऊन. शिरूरची यष्टी आली. कंडाक्टर वळखीचा, म्हणला, "खोडीआबा, येताय न्हवं?" मी उठलो. पायरीवर एक पाय ठिवला.

एक हात खडकावर हाय, वाट बघतोय. एक हात चुलीपाशी हाय, त्यो बी वाट बघतोय. मी हाक मारली म्हणून एक पाण्यातनं वर आली, आन् हाक मारली न्हाई म्हणून दुसरी पाण्यात ऱ्हायली. आता एकीला धरायचं म्हंजी एकीचा सोडायचा. ज्या बाईला कुणीच बोलवत न्हाई, तिचा.

"आबा, बसताय का निघू?" कंडाक्टर म्हणला.

मी पाय खाली घेतला. म्हणलं, फुडच्या गाडीला जाऊ. झिशान थांबंल. जरा ईचार करू आन् मंग जाऊ.

फुडची गाडी आली. गेली. ऊन वर आलं. टपरीवाला म्हणला, "आबा, आज कुणाची खोडी काढायला बसलाय?"

मला मांडीला गार लागलं. बघितलं तर धोतर वलं. म्हणलं, पाण्याची बाटली गळली आसंल. बाटली न्हवतीच. गठुड्याच्या बुडातनं पाणी गळत व्हतं, थेंब थेंब, बाकड्यावरनं खाली मातीत. कोरडं म्हणून दिल्यालं लुगडं पिळून काढावं येवढं पाणी. नदीच्या पाण्याचा वास.

मी गाठ सोडून बघितली न्हाई.

लांबनं आजून एक यष्टी येताना दिसली. मी गठुडं पोटाशी धरलं. त्यातनं गार पाणी माझ्या हातावर येत व्हतं, मनगटापतूर, कुणी घट्ट धरल्यावानी. मी हात हालिवला न्हाई. यष्टी थांबली, माणसं चढली, उतरली. मी धुरपदाला नाव घिऊन हळूच हाक मारली, टपरीवाल्याच्या समूर, समद्यांच्या समूर. आन् यष्टी जाऊ दिली.